सैल तारांचा इतिहास

शाळेत गोष्टीचा तास वेगळा आणि इतिहासाचा वेगळा. मास्तर मात्र पुष्कळदा एकच असतो. मी वर्षानुवर्षे हे दोन्ही तास घेत आलो आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्याही लिहितो. म्हणून हवाई बेटांच्या भाषेत या दोहोंना मिळून एकच शब्द आहे हे वाचले, तेव्हा मला मोठे समाधान वाटले. तो शब्द 'मोओलेलो'. 'मोओ' म्हणजे एकामागून एक लागलेली ओळ, 'ओलेलो' म्हणजे बोलणे. ज्वालामुखीची देवी पेले हिची कथा मोओलेलो, आणि पहिल्या कामेहामेहा राजाने बेटे कशी जिंकली तो वृत्तान्तही मोओलेलोच.

या कथा तेथे आजही संध्याकाळी माणसे जमवून सांगतात, आणि पुष्कळदा सांगणाऱ्याशेजारी गिटार घेऊन वादक बसलेला असतो. ज्याने कीर्तन ऐकले आहे त्याला ही मांडणी समजावून सांगायला नको. कथा थांबते तेथे सूर पुढे होतो, सूर ओसरतो तेथे कथा पुन्हा बोलू लागते. फरक एवढाच की बुवांची वीणा आपल्या घरचीच. हवाईत गिटार पाहुणी म्हणून आली, आणि तीही गुरांच्या मागून.

ती हकीकत अशी. १७९३ साली कॅप्टन व्हँकुव्हर याने कामेहामेहा राजाला गुरे नजर केली. ती वाढावीत म्हणून राजाने त्यांना मारण्यास बंदी केली. गुरे वाढली, रानोमाळ मोकाट झाली आणि पिके तुडवू लागली. तेव्हा १८३०च्या सुमारास तिसऱ्या कामेहामेहाच्या राज्यात मेक्सिकन गुराखी बोलावण्यात आले. ते स्पॅनिश बोलत, म्हणून 'एस्पान्योल'चा अपभ्रंश होऊन लोक त्यांना 'पानिओलो' म्हणू लागले. त्यांच्याबरोबर गिटार आली असे साधारणपणे मानतात.

हवाईयन माणसाने ते वाद्य हाती घेतले, पण त्याची शिस्त घेतली नाही. त्याने काही तारांच्या खुंट्या सैल केल्या. इतक्या की बोट न दाबता नुसता हात फिरवला तरी सुसंवादी स्वर निघावेत. अंगठा खालचा स्वर धरून ठेवतो आणि बाकीची बोटे चाल खेळवतात. या पद्धतीला 'की होआलू', म्हणजे सैल तार, हेच नाव पडले. प्रत्येक घराण्याची तार लावण्याची रीत निराळी, आणि ती घराबाहेर जाऊ नये म्हणून जपलेली. आपल्या गवयांच्या चिजांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

इकडे १८२० साली मिशनरी आले. त्यांनी लिपी दिली, शाळा काढल्या, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण हुला नृत्य आणि त्याबरोबरची कथागीते त्यांना पापमय वाटली, आणि १८३० साली जाहीर हुलावर बंदीचा हुकूम निघाला. १८७४ साली गादीवर आलेल्या कालाकाउआ राजाने ही मान वर केली. १८८३ च्या राज्याभिषेकात त्याने हुला उघड्यावर करविला, आणि विश्वोत्पत्तीचे 'कुमुलिपो' हे दोन हजारांवर ओळींचे मंत्रकाव्य १८८९ साली छापविले. त्याच्याच काळात जुन्या हुलाशी गिटारीची सोयरीक जमली. हाच राजा १८८१ साली जगाच्या फेरीवर निघाला असता कलकत्त्याहून आगगाडीने आपल्या मुंबईस आला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याच्यामागून राणी लिलिउओकालानी आली. १८९३ च्या जानेवारीत गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि बागाईतदारांनी अमेरिकन खलाशी सैनिकांच्या पाठबळावर तिला पदच्युत केले. राजवाड्याच्या बँडमधील वादकांपुढे नव्या सरकारशी इमान राखण्याच्या शपथेचा कागद आला. त्यांनी सही नाकारली. सही न केल्यास दगड खावे लागतील असे त्यांना बजावण्यात आले, असे सांगतात. त्यांच्यासाठी एलन प्रेंडरगास्ट या बाईंनी 'काउलाना ना पुआ' हे गीत रचले. त्याचे दुसरे नावच 'दगड खाण्याचे गाणे' असे आहे. चाल इतकी गोड की भाषा न जाणणाऱ्याला ते फुलांचे गाणे वाटावे. मला या साऱ्या इतिहासाची किल्ली येथे सापडते.

कारण १८९६ साली नव्या राजवटीने कायदा केला की शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच असेल. मुले वर्गात मातृभाषा बोलली की शिक्षा होई. शिक्षा करणारे हात शिक्षकांचेच होते, हे वाचताना माझ्यासारख्या मास्तराला मान खाली घालावी लागते. १८९८ साली बेटे अमेरिकेत सामील केली गेली.

भाषा अशी आटत असताना सूर मात्र जगभर गेला. जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्या तारांवरून लोखंड सरकवण्याची युक्ती काढली होती. आपण जिला 'हवाईयन गिटार' म्हणतो ती हीच. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिचे वेड पसरले. ती आपल्या हिंदी चित्रपटगीतांत शिरली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. पण आपल्यापर्यंत सूर पोहोचला, गोष्ट पोहोचली नाही. हवाईतही प्रवाशांच्या करमणुकीसाठी तेच घडत होते. १९४०च्या दशकात गॅबी पाहिनुई याने सैल तारांचे वादन ध्वनिमुद्रित केले. सूर टिकला, पण त्याचा अर्थ समजणारी माणसे म्हातारी होत होती. १९८०च्या सुमारास हवाईयन बोलणारी मुले पन्नासही उरली नव्हती असे सांगतात.

भाषा पुन्हा उभी राहिली ती शाळेतच. १९७८ साली ती राज्यभाषा झाली. १९८४ साली आईबापांनी आणि शिक्षकांनी मिळून पहिली बालवाडी काढली, 'पूनाना लेओ', म्हणजे आवाजाचे घरटे. वृद्धांच्या तोंडचे शब्द तेथे लहानग्यांच्या तोंडी बसू लागले. १९व्या शतकातील हवाईयन वर्तमानपत्रांत छापलेल्या हजारो पानांच्या कथा पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या.

म्हणून कथा आणि गिटार एका बैठकीत येणे मला नुसती करमणूक वाटत नाही. सूर एकटा हिंडत राहिला तर त्याचे हॉटेलातले संगीत होते. कथा एकटी राहिली तर तिचे कपाटातले बाड होते. जेथे दोन्ही एकत्र बसतात आणि समोर बसलेल्या पोराला दोन्ही कळतात, तेथे मोओलेलोची ओळ तुटलेली नाही असे समजावे. एका शाळेने तोडलेले दुसऱ्या शाळेला सांधता आले, एवढा भरवसा हा इतिहास आम्हा शिकवणाऱ्यांना देतो. तो पेलायचा म्हणजे मात्र प्रत्येक वर्गात रोज थोडे थोडे सांधावे लागते.