चाकाचे फेरे आणि उपग्रह

पोलादपूरहून सायकलने कुडपणला जायचे, तर चढ आणि वळणे यांतून सुटका नाही. किती किलोमीटर आलो, किती मीटर चढलो, हे वाटेत कळावे म्हणून हँडलवर खास जीपीएस यंत्र बसवावे, की हातचा स्मार्टफोन पुरे? दोन्ही साधने उपग्रहांचे तेच संदेश ऐकतात. मग फरक कोठे पडतो? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अंतर मोजण्याची जुनी युक्ती म्हणजे चाकाचे फेरे मोजणे. रोमन स्थापत्यविशारद व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात अशा गाडीचे वर्णन केले आहे. चाकाचे 400 फेरे झाले, की रोमन मैल पुरा होई आणि एक खडा भांड्यात पडे. कर्टिस व्हीडर या अमेरिकन संशोधकाने 1895 च्या सुमारास सायकलसाठी बनवलेले फेरे मोजणारे यंत्रही याच कुळातले. यात रस्त्याचे प्रत्येक वळण आपोआप मोजले जाते. आपण कोठे आहोत, हे मात्र कळत नाही.

स्थान कळण्यासाठी भूमिती लागते. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तेथून उंच जागांवरून कोन मोजत त्रिकोणांचे जाळे विणले. एक बाजू आणि कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. दरीत साखळी ओढत नेण्याची गरज उरत नाही. 1804 मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजून त्याने आपले गणित पडताळले. या कामात असतानाच 1823 मध्ये हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. त्रिकोणमिती शिकवताना हे नाव जरूर सांगावे.

जीपीएसमध्ये कोनांऐवजी उपग्रहांपासूनची अंतरे मोजतात. त्याचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला गेला. नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका मुद्दाम घालत असलेली चूक मे 2000 मध्ये काढली गेली, आणि सायकलस्वाराला रस्ता दाखवण्याइतकी अचूकता सर्वांना मिळाली. पुढे काही वर्षांतच फोनमध्येही जीपीएस आले.

पण घाटात एका बाजूचा कडा निम्मे आकाश झाकतो. काही संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतात. मग मोजलेली स्थाने रस्त्याच्या कधी या बाजूला पडतात, कधी त्या. चढावर सायकल सेकंदाला जेमतेम दोन मीटर सरकते. त्यामानाने ही चूक मोठी, आणि खोट्या नागमोडी मार्गामुळे अंतर फुगते. उलट, नोंदी विरळ घेतल्या तर वळणे कापली जातात. यावर उपाय जुनाच: चाकाला संवेदक लावून फेरे मोजायचे. खास यंत्रांना तो बहुधा जोडता येतो; फोनलाही जोडता येतो, पण त्यासाठी योग्य ॲप लागते.

उंचीची गोष्ट आणखी निराळी. सगळे उपग्रह आपल्या वर, खाली एकही नाही. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. म्हणून चांगल्या सायकल-यंत्रांत वायुभारमापक असतो. फोनमध्ये तो असेलच असे नाही. समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेआठ मीटर चढले, की हवेचा दाब एक मिलिबार उतरतो. मात्र दाब हवामानानेही बदलतो. कर्नल साइक्स यांनी दख्खनमध्ये दाबाच्या नोंदी घेऊन त्याची रोजची भरती-ओहोटी 1835 मध्ये प्रसिद्ध केली होती. दाब दोन मिलिबारांनी बदलला, तर जागेवर उभा असलेला सायकलस्वारही सतरा मीटर चढला किंवा उतरला असे यंत्र सांगेल!

आमचे मत विचाराल, तर शाळेत जाण्यायेण्यासाठी वेगळे यंत्र घेणे हा निव्वळ खर्च. दिवसभराच्या घाटप्रवासाला मात्र ते घ्यावे, आणि त्याचे कारण अचूकतेपेक्षा विजेरीचे अधिक आहे. नकाशा दाखवत राहिलेला फोन संध्याकाळी संपला, तर मदतीसाठी हाक मारायचे साधनच गेले. पावसाचे थेंब फोनच्या काचेला बोट वाटतात. यंत्राची बटणे भिजूनही चालतात. फोनच वापरायचा असेल, तर नकाशा घरी उतरवून घ्यावा आणि पडदा बंद ठेवावा. उपग्रहांचे संदेश ऐकायला मोबाइलचे जाळे लागत नाही. त्याने फक्त पहिले स्थान लवकर मिळते.

वर्गासाठी एक प्रयोग: टायरवर खडूची खूण करून एका फेऱ्याचे अंतर मोजा, शाळेच्या मैदानाला सायकलने दहा फेऱ्या मारा, आणि चाकाचा हिशेब फोनच्या आकड्याशेजारी फळ्यावर मांडा.