दुकानदाराने ओळखलेली दुसरी पिढी



ज्यांनी चाळीत पावसाळे काढले आहेत, त्यांना शेवाळाची ओळख करून द्यावी लागत नाही. मोरीपाशी ज्यावरून पाय घसरतो ते शेवाळ, आणि गच्चीच्या कठड्यावर मखमलीसारखे उगवते तेही शेवाळ. आपल्या बोलीने दोघांना एकच नाव दिले; शास्त्राने मात्र त्यांची घरे वेगळी केली. मोरीतला चिकट हिरवा थर तो बहुधा शैवालांचा. त्यांना मूळ, खोड, पान काहीच नसते. कठड्यावरची मखमल ती हरिता. तिला इवलेसे खोड आणि पानासारखे पापुद्रे असतात.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे शिक्षण दोन सभांच्या मधल्या वेळात, मोफत वाचनालयाच्या बाकावर झाले. या विषयावर बोलावयाचे ठरविले तेव्हा युनियनच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने विचारले, "भाऊ, शेवाळाच्या पिढ्या मोजून कोणाच्या ताटात काय पडले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देऊ. पण आधी एका दुकानदाराची हकीकत ऐकावी.

जर्मनीतील लाइपझिग शहरात १८२४ साली विल्हेल्म होफमाइस्टर जन्मला. बापाचा धंदा संगीताच्या छापील वह्या व पुस्तके काढून विकण्याचा, आणि छंद वनस्पती गोळा करण्याचा. मुलाची शाळा पंधराव्या वर्षी सुटली. हांबुर्गच्या एका संगीताच्या दुकानात दोन वर्षे उमेदवारी करून तो १८४१ मध्ये बापाच्या पेढीवर बसला. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी तो कधीच चढला नाही. पहाटे चार ते सहा हा त्याचा अभ्यासाचा वेळ. मग दुकान आणि हिशेब. नजर इतकी अधू की वस्तू डोळ्यांपाशी धरल्यावाचून दिसत नसे.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. तो कामगार नव्हता, मालकाचा मुलगा होता. त्याच्या पहाटेचे दोन तास त्याच्या मालकीचे होते. रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाची पहाट त्याची स्वतःची नसते. आम्ही ती पाळी केली आहे, म्हणून हे म्हणतो. होफमाइस्टरचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण स्वयंशिक्षित माणसाचे गोडवे गाताना त्याला वेळ कोणी दिला, हेही पाहावे.

त्या काळी शास्त्रात श्लायडेन या प्राध्यापकाचा दबदबा होता. रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात रिकाम्या कोठड्या पाहिल्या त्या १६६५ साली. सगळी वनस्पती अशा पेशींचीच बांधलेली असते, हे १८३८ मध्ये ठासून मांडले ते श्लायडेनने. परंतु त्याचे एक मत असे होते की झाडाचा गर्भ म्हणजे परागनलिकेचे टोकच. बीजांड म्हणजे त्याला निजावयाला दिलेला पाळणा. थोडक्यात, आईचा वाटा फक्त जागेपुरता! होफमाइस्टर श्लायडेनच्याच पुस्तकातून शिकला, आणि १८४९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने दाखवून दिले की परागनलिका पोचण्यापूर्वीच बीजांडात अंडपेशी तयार असते आणि गर्भ तिच्यापासून वाढतो. गुरूच्या ग्रंथातली चूक शिष्याने काढली, तीही दुकान सांभाळून.

मग तो हरितांकडे वळला. १८५१ साली त्याचा मुख्य ग्रंथ निघाला. त्यात काय आहे ते कठड्यावरच्या मखमलीवरूनच सांगतो. पावसाळा उलटता उलटता तिच्यातून केसाएवढे तपकिरी देठ वर येतात. प्रत्येकाच्या टोकाला मोहरीहून लहान बोंड. आपण समजतो, हे शेवाळाचे फूल. ते फूल नव्हे, ते शेवाळाचे मूल आहे. हिरव्या रोपाच्या शेंड्याशी नर पेशी आणि अंडपेशी तयार होतात. नर पेशीला दोन शेपट्या असतात. ती पाण्याच्या थरातून पोहत अंडपेशीला गाठते, म्हणून या वनस्पतीला पावसावाचून संतती नाही. त्या मीलनातून देठ आणि बोंड उगवते, ते आईच्या अंगावर उभे राहून तिच्याच जिवावर बरेचसे पोसले जाते. बोंड उघडले की बीजुकांची धूळ वाऱ्यावर जाते. बीजुक रुजले की प्रथम हिरवा धागा पसरतो, हुबेहूब शैवालासारखा, आणि त्यावर पुन्हा मखमलीचे रोप. एका जिवाच्या दोन पिढ्या आळीपाळीने.

होफमाइस्टरने हेच गणित नेच्यांना लावले. तेथे मोठे दिसणारे झाड ही बीजुकांची पिढी, आणि दुसरी पिढी नखाएवढी, जमिनीला चिकटलेली. पाइनसारख्या वृक्षांत ती आणखी आक्रसून बीजांडात व परागात दडलेली. डार्विनचा ग्रंथ निघण्याच्या आठ वर्षे आधी या माणसाने शेवाळ आणि वृक्ष यांना एका माळेत ओवले होते. एका पिढीत गुणसूत्रांचा एक संच व दुसरीत दोन, हा खुलासा श्ट्रासबुर्गरने १८९४ मध्ये केला.

१८५१ सालीच रॉस्टॉक विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि १८६३ मध्ये हायडेलबर्गला तो प्राध्यापक झाला. आपल्याकडे अर्जाच्या छापील नमुन्यातच तो अडकला असता.

आता ताटाचा प्रश्न. जपानात नोरी नावाचे समुद्री शैवाल वाळवून भाताबरोबर खातात. त्याची शेती शतकांची. पण उन्हाळ्यात नोरी जाते कोठे आणि शरदात येते कोठून, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पीक आले तर आले. १९४० नंतरच्या दशकात ते बुडाले आणि किनाऱ्यावरची कुटुंबे बसली.

उत्तर सापडले इंग्लंडात. कॅथलीन ड्रू मँचेस्टर विद्यापीठात शिकवीत असे. १९२८ मध्ये तिने लग्न केले. विवाहित स्त्रीला अध्यापक ठेवावयाचे नाही, हा तेथला नियम, नोकरी गेली. तिने संशोधन मानद म्हणून चालू ठेवले आणि १९४९ साली दाखविले की नोरीच्या ब्रिटिश भाईबंदाची एक पिढी शिंपल्याच्या कवचात धाग्याच्या रूपाने घर करून राहते. शास्त्रज्ञांनी तिला आजवर वेगळीच वनस्पती समजून वेगळे नाव दिले होते! सोकिची सेगावा यांच्यासारख्या जपानी संशोधकांनी हे ज्ञान नोरीला लावले. शिंपल्यांत बीज धरून जाळ्यांवर लावता येऊ लागले, आणि दैवावरची शेती हातात आली.

ड्रू १९५७ मध्ये वारली. जपान तिने कधी पाहिला नाही. १९६३ साली कुमामोतो प्रांतातील उतो येथे, समुद्राकडे तोंड करून, नोरीवाल्यांनी तिचे स्मारक उभारले. दरवर्षी ते तेथे जमून तिचे स्मरण करतात. तो दिवस १४ एप्रिलचा. ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे.