पेशंटजवळ कोण?

२०२०च्या मे महिन्यात आमच्या लालबागच्या चाळीतून आजोबांना कोविडसाठी ॲम्ब्युलन्समधून नेलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्याजवळ कोण थांबणार?" कुणालाच परवानगी नव्हती. मी आपला लॅपटॉप उघडून आकडे बघत बसलो.

परवा शनिवारी मुंबईच्या प्लेगबद्दल वाचत होतो, तर तोच प्रश्न पुन्हा समोर आला.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पालिका रुग्णांना शोधून सक्तीनं आर्थर रोडच्या हॉस्पिटलात (म्हणजे आजचं कस्तुरबा) नेऊ लागली. नेलेला माणूस बहुतेकदा परत यायचाच नाही. मग अफवा उठल्या: तिथे माणसांची मोमियाई काढतात, काळजं कापून राणीला पाठवतात! २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार हॉस्पिटलवर चालून गेले.

शाळेत असतो तर म्हटलं असतं, काय अडाणी लोक! आता नाही म्हणवत. दाराआड काय चाललंय हे कुणी सांगतच नसेल, तर रिकामी जागा भीती भरून काढते.

त्यानंतर आयुक्त स्नो यांनी सक्ती थोडी सैल केली. घरीच वेगळं ठेवायची नीट सोय असेल तर रुग्णाला न्यायचं नाही, असं ठरलं. पुढे जातीजमातींनी आपापली प्लेग हॉस्पिटलं काढली. औषध तिथेही नव्हतंच. पण जेवण ओळखीचं, भाषा ओळखीची, घरचं माणूस उशाशी. लोकांना ती सरकारी हॉस्पिटलपेक्षा बरी वाटली. अर्थात ज्यांच्या जातीकडे पैसा नव्हता त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

आणि सरकार हा धडा विसरलंसुद्धा. ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं आणि दंगल पेटली.

असो. २०२०मध्ये मन मोकळं करायला हेल्पलाइन निघाल्या, चांगलंच झालं. पण आजोबांना हवा होता आजीचा आवाज. आठव्या दिवशी एका सिस्टरनं स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. आजी काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

त्या रात्री आजोबा पोटभर जेवले म्हणे. तीन दिवसांनी घरी आले. अजूनही अंगात कणकण आली की आम्हाला सांगत नाहीत. आजीला मात्र सांगतात.