मूत्रपिंडातून हृदयपेशीत

वसईतल्या नंदाखालच्या एखाद्या घरात मधुमेहाच्या औषधांचा डबा उघडला, की मेटफॉर्मिनच्या शेजारी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन सापडू शकते. घरातले तिला बीपीची गोळी म्हणतात. ती ज्याला अडवते त्या अँजिओटेन्सिनचे कूळ मात्र सशाच्या मूत्रपिंडातले.

1898 मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी त्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, आणि त्यांचा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटले, पण पुढची कित्येक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1934 मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळून रक्तदाब वाढवून दाखवला, तेव्हा विषय पुन्हा जागा झाला. 1940 च्या सुमारास ब्युनोस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांना एकमेकांच्या नकळत कळले, की रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य रेनिनच्या क्रियेतून तयार होते. तेच अँजिओटेन्सिन.

मधुमेहाच्या बाजूने एक कोडे पुढे आले ते नंतर: 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या रुब्लर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही मृतांची हृदये तपासली. ती मोठी झालेली, थकलेली होती, पण मोठ्या धमन्यांत त्याला पुरेल असा अडथळा नव्हता. मग हृदय बिघडवले कोणी? या कथेतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न हाच.

उत्तराचा एक धागा 2007 मध्ये टेक्सासच्या प्रयोगशाळेत मिळाला. उंदरांच्या हृदयपेशी जास्त ग्लुकोजमध्ये ठेवल्यावर त्या स्वतःच्या आतच अँजिओटेन्सिन बनवू लागल्या आणि ते पेशीकेंद्रकापर्यंत पोहोचले. पुढच्या वर्षी मधुमेही उंदरांतही तेच दिसले; तिथे पेशींचे मरण आणि हृदयातले तंतू वाढलेले होते. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही सार्टन औषधे मात्र मुख्यतः पेशीच्या पृष्ठभागावरचा अँजिओटेन्सिनचा ग्राहक अडवतात. म्हणजे बावखलाचे, गावतळ्याचे, पाणी अडवले तरी घरातली विहीर चालूच राहावी, तसे हे.

मुळावरच, म्हणजे रेनिनवर, घाव घालणाऱ्या अलिस्किरेनकडून उंदरांत आशा वाटली होती. पण नेहमीच्या औषधांवर ते जोडून मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्या मधुमेहींवर घेतलेली मोठी चाचणी डिसेंबर 2011 मध्ये थांबवावी लागली: फायदा दिसला नाही आणि पोटॅशियम वाढणे, रक्तदाब घसरणे असे धोके वाढले. पेशीच्या आतल्या या घडामोडीवर नेमके औषध अजून रुग्णाच्या हाती नाही. ती ज्या साखरेने सुरू होते, ती मात्र बोटाच्या टोकावरच्या एका थेंबात मोजता येते.