सरहद्दीपलीकडची पदवी

वऱ्हाड 1853 पासून कारभाराने इंग्रजांचा आणि नावाने निजामाचा होता; तेव्हा कागदावरची सरहद्द काय असते, हे आम्हा खामगावकरांस निराळे सांगावयास नको. गोव्याच्या डॉक्टरांना मात्र ती फार जाचली.

पणजीत पोर्तुगीज सत्तेने 1842 साली वैद्यकीय विद्यालय काढले. त्यातून आपल्या ख्रिस्ती समाजातील अनेक तरुण डॉक्टर झाले. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत ते सरकारी डॉक्टर म्हणून चालत. खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करावयाचा, तर तेथील परीक्षा पुन्हा द्यावी लागे. मोझांबिकच्या तापाला पुरणारे ज्ञान लिस्बनच्या तापाला का पुरू नये, याचे वैद्यकीय कारण आम्हास तरी दिसत नाही.

मुंबई इलाख्यात तर ते परमुलखातलेच. 1912 च्या कायद्याने तेथे डॉक्टरांची नोंदवही आली. नोंद नसलेल्याच्या दाखल्याला कायद्यात किंमत उरली नाही. काही गोवेकर त्याआधीच मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकू लागले होते. 1896 साली मांडवीत प्लेग ओळखणारे हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस तेथलेच पदवीधर.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्द मिटली. आज नेपाळ, बांगलादेश येथून शिकून येणाऱ्यांना 2002 पासूनची चाळणी परीक्षा द्यावी लागते; 300 पैकी 150 गुण हवेत. रोग्याच्या जिवाचा प्रश्न असल्याने ती आम्हास रास्त वाटते. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे शिकून पदव्युत्तर पदवी मिळविलेल्यांना ती माफ आहे.