वायरशार्कमधील दोष कसा कळवावा?

नेटवर्कवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. ही पॅकेटे टिपून त्यांचा अर्थ उलगडून दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणजे वायरशार्क. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथिरियल’ या नावाने ते प्रसिद्ध केले. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. ते विनामूल्य असून त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. म्हणूनच त्यातील दोष दूर करण्यात वापरकर्त्यांचाही वाटा असतो.

प्रत्येक प्रोटोकॉलचा अर्थ लावण्यासाठी वायरशार्कमध्ये ‘डिसेक्टर’ नावाचा स्वतंत्र भाग असतो. अनपेक्षित रचनेचे पॅकेट आले, की सदोष डिसेक्टरमुळे प्रोग्रॅम बंद पडतो किंवा एकाच जागी फिरत राहतो. कधी तो चुकीचा अर्थ दाखवतो. हा प्रकार अधिक घातक, कारण त्यावर विसंबून निर्दोष नेटवर्कवर ठपका ठेवला जातो.

तक्रारीपूर्वी दोष खरोखरच वायरशार्कचा आहे का, हे पाहावे. स्वतःच्या संगणकावरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा दिसणे, हा बहुधा दोष नसतो. अनेक संगणकांत चेकसमची आकडेमोड नेटवर्क कार्ड करते आणि वायरशार्क त्याआधीच पॅकेट टिपतो. ‘मालफॉर्म्ड पॅकेट’ हा शेरा पॅकेट बिघडल्याने येतो, तसाच डिसेक्टर चुकल्यानेही येतो. ‘डिसेक्टर बग’ असा शेरा आल्यास मात्र तो कळवावाच. नव्या आवृत्तीत दोष दुरुस्त झाला आहे का, हेही तपासावे.

२०२० पासून वायरशार्कच्या तक्रारी गिटलॅबवर नोंदवल्या जातात. त्यांत वायरशार्कची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दोष उद्भवण्यापर्यंतची क्रमवार कृती, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम नमूद करावेत. ‘चालत नाही’ एवढ्याने काही साधत नाही. त्याच फाइलवर टीशार्क हे जोडसॉफ्टवेअर चालवून पाहावे. तेथेही तीच चूक दिसली, तर दोष पडद्यावरील मांडणीत नसून अर्थ लावण्यात आहे, असे समजते.

टिपलेल्या पॅकेटांची फाइल हा सर्वांत मोलाचा पुरावा. तिच्याविना डिसेक्टरमधील दोष पुन्हा घडवून पाहणे अनेकदा अशक्य होते. मात्र याच फाइलमध्ये पासवर्ड, आयपी पत्ते वा खासगी पत्रव्यवहार असू शकतो आणि तक्रारीची नोंद कोणालाही वाचता येते. त्यामुळे ‘एक्स्पोर्ट स्पेसिफाइड पॅकेट्स’ या सोयीने आवश्यक तेवढीच पॅकेटे वेगळी काढावीत. काही संदेश अनेक पॅकेटांत विभागलेले असतात. म्हणून छोटी फाइल उघडून दोष पुन्हा दिसतो, याची खात्री करावी. शक्य असल्यास चाचणीच्या संगणकांवर, बनावट माहितीनिशी पॅकेटे नव्याने टिपावीत. नोकरीच्या ठिकाणची फाइल परवानगीविना देऊ नये.

विशिष्ट पॅकेट धाडून कोणालाही वायरशार्क बंद पाडता येत असेल, तर तो सुरक्षेचा प्रश्न ठरतो. अशी तक्रार उघड न करता ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणून नोंदवावी. दुरुस्ती होण्याआधीच तिचा गैरवापर होण्याचा धोका त्यामुळे टळतो.