छत्तीसगड : आदिवासी युवकांसाठी कौशल्य प्रशिक्षण

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के होते. या समाजातील युवकांना कुशल व्यवसायांकडे वळविण्यासाठी राज्यात अनेक उपक्रम हाती घेण्यात आले.

दंतेवाडा येथे २०११ मध्ये ‘लाइव्हलीहूड कॉलेज’ सुरू झाले. शाळा अर्धवट सोडलेल्यांनाही शिवणकाम, वेल्डिंग, वीजजोडणी यांसारखी कामे अल्पावधीत शिकविणे हा त्यामागील हेतू होता. पुढे हा प्रयोग राज्याच्या इतर जिल्ह्यांतही राबविण्यात आला.

२०१३ मध्ये राज्य विधिमंडळाने युवकांना कौशल्य विकासाचा हक्क देणारा कायदा संमत केला. असा कायदा करणारे छत्तीसगड हे देशातील पहिले राज्य ठरले. १४ ते ४५ वयोगटातील व्यक्तीने मागणी केल्यास ९० दिवसांत प्रशिक्षणाची संधी देण्याची तरतूद त्यात करण्यात आली. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने त्याच वर्षी जून महिन्यात नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘रोशनी’ योजना जाहीर केली. पन्नास हजार युवकांना प्रशिक्षण व रोजगार देण्याचे तिचे उद्दिष्ट होते.

प्रशिक्षणाच्या वाटेत भाषा हा मोठा अडसर असतो. बस्तरमध्ये गोंडी आणि मराठीशी जवळीक असलेली हलबी बोलली जाते. औद्योगिक प्रशिक्षण मात्र प्रामुख्याने हिंदीतून मिळते. शिवाय केवळ प्रमाणपत्राने रोजगार मिळत नाही. कारखान्यातील प्रत्यक्ष अनुभव आवश्यक ठरतो. यासाठी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जमातींकरिता जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे.